रक्तगट न लिहिलेला कागद

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत, आमच्या लॅबमध्ये होते. फोन त्यांच्या धाकट्या बहिणीचा होता, वसमतहून. झोपेतच गेले, हृदय थांबलं, म्हणाली.  मी फोन ठेवणार, एवढ्यात म्हणाली, "आंघोळ घालणारी माणसं म्हणत होती, या माणसाच्या अंगावर काहीच न्हाई. लहानपणचे गुडघ्यावरचे डाग सोडले तर एक व्रण तेवढा. डाव्या तळहातावर."

बासष्ट वर्षं वापरलेलं शरीर आणि त्यावर एक व्रण. आमच्या भागात शेतातल्या दहा वर्षांच्या पोराच्या अंगावरही याहून जास्त खुणा असतात. तो एक व्रण कसा झाला हे मला माहीत होतं. मी तिथे होते.

पुसेगावच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. पोरं त्यांना 'काचेचे सर' म्हणायची. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायांत जाड तळव्यांचे बूट, डोक्यावर टोपी. रस्त्याच्या कडेने बाभळीचे काटे असतात म्हणून चालायचे रस्त्याच्या मधोमध, आणि मागून जीप हॉर्न देत राहायची. गळ्यापर्यंत दाढी, कारण ब्लेड घरात नव्हतं. वर्गात आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे कंपासपेट्या उघडायला लावून कर्कटकं गोळा करायची. तास संपला की एकेकाला मोजून परत. "कातडं एकच असतं रे," ते म्हणायचे. एवढंच, समजावून वगैरे सांगायचे नाहीत.

एकटेच राहायचे. मी दोनतीनदा वह्या पोचवायला त्यांच्या घरी गेले होते. टेबलाच्या चारी कोपऱ्यांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळलेल्या. स्वयंपाकघरात विळी नाही, सुरी नाही, किसणी नाही. भाजी खायचे ती हाताने मोडता येईल तीच. मेथी, पालक, भेंडी. कोबी पानंपानं सोलून. वांगी अख्खीच शिजवायची. मला त्याचं हसू आलं होतं, घरी जाऊन आईला सांगितलं. आई हसली नाही. म्हणाली, "एवढं सांभाळायला कुणीतरी घरात लागतं माणसाला. त्याला कुणीच न्हाई."

एक मांजर मात्र यायची. सर तिच्यासाठी पायरीवर दुधाची वाटी ठेवायचे, घाईने आत जाऊन दार लावायचे आणि खिडकीतून ती दूध पिताना बघत राहायचे. नखांची भीती. ती मांजर किती वर्षं येत होती कोण जाणे, सरांनी तिला कधी हात लावला नाही.

लोकांना सुरुवातीला वाटायचं, माणूस वेडसर आहे. बहिणीचं लग्न होऊन, तिला दोन लेकरं झाल्यावर, मग कुठे सरांनी कारण बोलून दाखवलं. त्यांना रक्ताचा आजार होता. रक्त वाहायला लागलं की ते थांबवणाऱ्या गोष्टींना जखमेवर चिकटवून धरणारा एक घटक असतो, तो त्यांच्यात कमी होता. आजार आईबापांकडून लेकरांत उतरणारा. तेव्हापासून शर्टाच्या खिशात त्यांच्या अक्षरात एक चिठ्ठी असायची: 'मला रक्तस्रावाचा आजार आहे. जखम झाल्यास ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्यावे.'

दहावीला आनुवंशिकतेचा धडा होता. विज्ञानाचे सगळे धडे सर फळ्यावर आकृत्या काढून रंगवून शिकवायचे. तो एक धडा त्यांनी आमच्याकडून आळीपाळीने वाचून घेतला आणि स्वतः आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले. "पुढं," एवढाच शब्द मधूनमधून. धडा संपल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, बापाचा आजार पोराला येतोच का?" सर म्हणाले, "तुला काय करायचंय? परीक्षेला येत न्हाई ते."

आता तो व्रण. मी नववीत होते. वादळी वारं सुटलं होतं आणि प्रयोगशाळेच्या खिडकीला ठोकलेला पत्रा फडफडत होता. पोरांना लागेल म्हणून सर स्वतः तो धरायला गेले. पत्र्याने डावा तळहात चांगला दोन बोटं लांब कापला. त्यांनी ओरडून मला पाणी आणायला सांगितलं. मी हापशावर जाऊन बादली भरून परत आले, तोवर रक्त थांबलंही होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. पण सर हात डोक्याच्या वर धरून लिंबाखाली बसले ते शाळा सुटेपर्यंत. मुख्याध्यापक म्हणाले, हिंगोलीला नेतो, टाके घालू. सर म्हणाले, "सुई नको." मी भीतभीत म्हणाले, "सर, थांबलंय की." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. "वरून थांबतं गं. आतून वाहत असतं."

मी त्यावर विश्वास ठेवला. चौदा वर्षांची होते, आणि ते सर होते.

पुढे मी नांदेडला लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि हिंगोलीत एका खासगी लॅबमध्ये लागले. सरांची भेट क्वचित, एसटी स्टँडवर किंवा कुणाच्या लग्नात. लग्नात ते मांडवाच्या पार शेवटी, मोकळी जागा बघून उभे असायचे आणि अक्षता पडल्या की निघायचे.

तीनेक वर्षांपूर्वी एका सकाळी ते लॅबच्या दारात उभे राहिले. निवृत्त झालेले, दाढी पिकलेली. मला ओळखलं आवाजावरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चांगलाच पिकला होता. पेपर वाचता येत नव्हता, पायरी दिसत नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांना त्यांनी खिशातली चिठ्ठी दाखवली होती. डॉक्टर म्हणाले होते, रक्ताच्या डॉक्टरांचं पत्र आणा, मगच हात लावतो.

"मला ऑपरेशन करायचं न्हाई," सर म्हणाले. "बहीण ऐकंना म्हणून आलो. तू नुसतं लिहून दे, जमत न्हाई म्हणून."

"मी कशी लिहून देणार सर? मी डॉक्टर न्हाई."

"मग काय करून राहिली इथं?"

"रक्त तपासते. बसा."

बोटाला टोचू द्यायला त्यांनी अर्धा तास घेतला. डोळे घट्ट मिटून, तोंड भिंतीकडे करून बसले. मी पट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतले, त्यांवर रक्तगटाची तीन औषधं टाकली. पहिल्या दोन्ही थेंबांत काही झालं नाही, तिसऱ्यात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. म्हणजे ओ पॉझिटिव्ह. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा रक्तगट कळत होता. वर्षानुवर्षं पोरांना रक्तगट शिकवलेल्या माणसाला. बोटावरचा कापूस त्यांनी पंधरा मिनिटं दाबून धरला. मी काढायला लावला तेव्हा खाली नुसता एक टिपका होता.

नांदेडला महिन्यातून एकदा रक्तविकाराच्या डॉक्टर यायच्या. मी रजा काढून सरांना घेऊन गेले. सरांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक पिवळा कागद काढला. कॉलेजात असताना उन्हाळ्यात त्यांचा घोळणा सारखा फुटायचा, नाकातून रक्त यायचं. कुणीतरी मुंबईला नेऊन रक्त तपासलं होतं. त्याचा तो रिपोर्ट.

डॉक्टरबाईंनी कागद उजेडात धरून वाचला. वय पन्नाशीच्या आतलं, बोलणं शांत.

"हे एकदाच तपासलं होतं का?"

"एकदाच. सांगितलं, आजार हाये, जन्मभर जपा."

"यावर तुमचा रक्तगट लिहिलेला नाही."

"ओ पॉझिटिव्ह," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि कागद टेबलावर ठेवला. मग सरांना समजेल असं, सावकाश सांगायला लागल्या. ओ गटाच्या माणसांच्या रक्तात हा घटक मुळातच कमी असतो. त्यांच्यात तो लवकर झिजून जातो. तो काही आजार नव्हे, त्यांची घडणच तशी. "तुमचा जुना आकडा नॉर्मलच्या रेषेच्या किंचित खाली आहे. ती रेष सगळ्या गटांच्या माणसांना एकत्र धरून आखलेली. तुमच्या गटाच्या कितीतरी धडधाकट माणसांचा आकडा असाच येईल. म्हणून नुसत्या आकड्यावर आम्ही कुणाला आजारी ठरवत नाही. रक्त किती वाहिलं, घरात कुणाला त्रास आहे का, ते बघतो. घरात कुणाला?"

"न्हाई."

"बहिणीची बाळंतपणं?"

"दोन. नीट झाली."

"तुम्हाला कधी मोठी जखम? दात काढला?"

"होऊच दिली न्हाई," सर म्हणाले.

डॉक्टरबाई थांबल्या. आजार नाही असं म्हणायला तरी काय पुरावा होता? ज्याने रक्त वाहूच दिलं नाही, त्याचं रक्त थांबतं की नाही हे कसं कळणार? तेव्हा मी पत्र्याची गोष्ट सांगितली. बादली भरून आणेपर्यंत रक्त थांबलं होतं, टाके नव्हते, औषध नव्हतं. त्यांनी सरांचा हात उलटा करून तो व्रण बघितला, बोट फिरवलं. "एवढी जखम, आणि तेवढ्यात थांबलं?"

"आतून वाहत असंल," सर म्हणाले.

"आतून वाहिलं असतं तर हात टम्म सुजला असता."

त्यांनी दोनदा रक्त तपासलं, महिन्याच्या अंतराने. दोन्ही वेळा सरांना आधी वीस मिनिटं शांत बसवलं. घाबरलेल्या माणसाच्या रक्तात हा घटक चढतो आणि आकडा खोटा चांगला दिसतो. दोन्ही वेळा आकडा रेषेच्या वर आला. दुसऱ्या खेपेला त्यांनी सगळे कागद समोर मांडले. म्हणाल्या, वयाबरोबर हा घटक वाढतो, म्हणून आजच्या आकड्यावरून तरुणपणाचं छातीठोक सांगता येत नाही. पण ओ गट, जुना आकडा इतका काठावरचा, घरात कुणाला नाही, आणि ती हाताची जखम, हे सगळं धरून त्यांच्या मते सरांना हा आजार नाही. बहुधा कधीच नव्हता.

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, हसतील. निदान सुस्कारा टाकतील.

"बहुधा म्हणलात," सर म्हणाले. "म्हणजे थोडा असंल बी?"

त्यांच्या आवाजात आशा होती. मला ती ऐकू आली. थोडा तरी आजार असला, तर इतकी वर्षं अंगाला जपलेलं कशासाठी तरी होतं.

डॉक्टरबाईंनाही ती ऐकू आली असावी. त्या म्हणाल्या, "शंभर टक्के मी कुणालाच सांगत नाही. पण माझे वडील असते तर मी त्यांना डोळ्याचं ऑपरेशन करायला पाठवलं असतं."

"आणि मग?" सरांनी विचारलं.

"मग काय?"

"मग मी काय करू?"

त्या म्हणाल्या, "मग पेपर वाचा, हिंडा, फिरा." सरांनी नमस्कार केला आणि उठले.

ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं, महिन्याभराच्या फरकाने. काहीही त्रास झाला नाही. त्यानंतर सर पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. बाकी फारसं काही बदललं नाही. मी एकदा त्यांच्यासाठी सुरी घेऊन गेले, आंबा कापून दिला. त्यांनी खाल्ला, सुरी धुतली, कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत परत ठेवली. "आता सवय न्हाई गं मोडत," म्हणाले. शेवटचे काही महिने बहिणीने त्यांना वसमतला नेलं, तिथेच गेले.

पण ऑपरेशनच्या आधीचा एक दिवस सांगायचा राहिला. दुसऱ्या खेपेला आम्ही नांदेडहून एसटीने परत येत होतो. कळमनुरी जवळ आलं तसं सर म्हणाले, "इथं उतरायचं का?"

"काहून सर?"

तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. ती ऐकणारी मी पहिलीच होते. नोकरी लागल्यावर कळमनुरीच्या वच्छला नावाच्या एका मुलीशी त्यांची सोयरीक जमली होती. सुपारी फुटली होती, तारीख धरायची होती. मुंबईच्या डॉक्टरांचं बोलणं त्यांना विसरता येईना. लग्न झालं, लेकरं झाली, आणि त्यांच्यात हे उतरलं तर? खरं सांगावं, तर गावभर होणार, आणि धाकट्या बहिणीला कोण करून घेणार? घराण्यात रक्ताचा आजार आहे म्हटल्यावर तिचं लग्न कुठेच झालं नसतं. म्हणून त्यांनी मुलीच्या बापाला दोन ओळींचं पत्र पाठवलं. मला लग्न करायचं नाही. कारण लिहिलं नाही.

"ती अजून कळमनुरीतच राहते. नवरा वारला. गिरणी चालवते, असं ऐकलं. तिला सांगावं वाटून राहिलं."

आम्ही उतरलो. गिरणी बाजाराच्या रस्त्यालाच होती. दारात दळणाचे डबे रांगेत, दोन बायका उभ्या, आत धडधड चाललेली. वच्छलाबाई गव्हाचा डबा वर उपडा करत होत्या. सर उंबऱ्याशी उभे राहून काहीतरी बोलले. ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"काय दळायचं?" त्या ओरडल्या.

"मी पुसेगावचा."

"पुसेगावचं दळण इथं काहून आणलं? तिथं गिरणी न्हाई का?"

"दळण न्हाई!" सरही ओरडले. एवढा मोठा आवाज मी त्यांचा वर्गातही ऐकला नव्हता. "आपली सुपारी फुटली होती!"

दोन्ही बायका वळून बघायला लागल्या. वच्छलाबाईंनी हात लांब करून खटका पाडला. पट्टा हळूहळू थांबला. मग इतकं शांत झालं की पीठ पिशवीत पडल्याचं ऐकू आलं.

"बसा," त्या म्हणाल्या आणि पायाने एक स्टूल पुढे सरकवलं.

सरांनी सगळं सांगितलं. घोळणा, मुंबई, कागद, बहीण. आणि आता नांदेडच्या डॉक्टर काय म्हणाल्या तेही. ओ गट काय असतो, ते शिकवल्यासारखं नीट समजावून सांगितलं. वच्छलाबाई हात कमरेवर ठेवून ऐकत होत्या.  सरांचं संपलं तेव्हा म्हणाल्या, "मला वाटलं, मी काळी म्हणून."

"तसं नव्हतं."

"माझ्या बापाला बी तेच वाटलं. मरेपर्यंत वाटत होतं. पुढं पाव्हणे बघायला आले की मला पावडर थापायचा आणि अंधाऱ्या खोलीत बसवायचा. चार जागी तसं बसले मी. पाचव्या जागी जमलं."

"तसं कधीच नव्हतं," सर पुन्हा म्हणाले.

"आता सांगून राहिले." त्यात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं, "बहीण कुठं दिली?"

"वसमतला."

"सुखी हाये?"

"हाये. नातवंडं झाली."

"मग झालं," वच्छलाबाई म्हणाल्या. "तिचं तरी नीट झालं." आणि खटक्याकडे वळल्या. "बायका खोळंबल्यात. तुमी डोळे दाखवून घ्या. माझ्याशी बोलून राहिले, पण नजर भिंतीकडं हाये तुमची."

गिरणी पुन्हा सुरू झाली. आम्ही स्टँडवर आलो, हिंगोलीची गाडी लागलेलीच होती. खिडकीशी बसल्यावर सरांनी पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली. गाडी गावाबाहेर पडली. मग एकदम माझ्याकडे वळले.

"एक विचारू का पोरी? कशी दिसत होती गं ती? मला नुसतं पांढरं पांढरं दिसत होतं."

"पीठ होतं सर. केस, भुवया, सगळंच पांढरं झालं होतं."

"चेहरा बी?"

"चेहरा बी."

सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं हे मला माहीत होतं.

"सावळी होती," ते म्हणाले. "त्याच्यामुळंच तर मी हो म्हणलो होतो."